पाण्यातला पट

बुद्धिबळ हा मुळात बूड टेकून खेळायचा खेळ. त्याला पट लागतो, चहा लागतो आणि दोन्ही बाजूंनी माना खुपसून चुकीच्या खेळ्या सुचवणारे चार रिकामटेकडे लागतात. आमच्या कराडपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णाकाठी तो असाच खेळला गेला. सांगलीत तर भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना या नादाला लावलं. पण एवढी नदी हाताशी असून पट घेऊन तिच्या तळाशी जाऊन बसावं, असं या काठावर कुणाला सुचलं नाही. 2019 च्या महापुरात नदीच घरात आली, तेव्हासुद्धा माणसं चूलबोळकं घेऊन माडीवर चढली. पट घेऊन खाली कुणी गेलं नाही.

जगात मात्र असे लोक आहेत. 2022 साली चेन्नईजवळ बुद्धिबळाचं ऑलिंपियाड भरलं, तेव्हा तिथल्या काही पाणबुड्यांनी पाठीला टाक्या बांधून, स्पर्धेच्या बोधचिन्हासारखे लुंगीवाल्या घोड्याचे वेष करून समुद्राच्या तळाशी डाव मांडला. दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जाऊन पाण्याखाली फोटो काढून घेणं आता आमच्या पेठेतही नवलाईचं राहिलेलं नाही, पण निदान ती मंडळी मासे बघतात. साठ फूट खाली जाऊन प्यादं दोन घरं पुढे सरकवायचं, म्हणजे काशीला जाऊन घरचीच भाकरी खाऊन यायचं.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 साली एका पुस्तकात नाकतोड्याच्या तोंडून खेळाची व्याख्या करून ठेवली आहे. तिचा मथितार्थ असा, की गरज नसलेल्या अडचणी आपण होऊन अंगावर घेणं आणि त्या ओलांडायची धडपड करणं म्हणजे खेळ. चेंडू भोकातच टाकायचा तर हाताने उचलून टाकावा. काठीने अर्धा मैल बडवत नेतात म्हणून त्याला गोल्फ म्हणायचं. हे पटण्यासारखं आहे. पण एका अडचणीवर दुसरी अडचण घेणाऱ्याला काय म्हणावं, हे नाकतोड्याने सांगितलेलं नाही.

आणि अडचणी किती! लाकडी सोंगट्या पाण्यात तरंगतात, म्हणून लोहचुंबक लावलेल्या घ्याव्या लागतात. पत्त्यांचा लगदा होतो. कॅरमची सोंगटी पाण्याच्या अडथळ्याने धड सरकत नाही, आणि बोरिक पावडर कुठे टाकायची हा वेगळाच प्रश्न. फासा तर टाकलाच जात नाही. तो म्हाताऱ्यासारखा सावकाश तळाशी जाऊन बसतो. शकुनिमामाची सगळी कला तिथे फुकट गेली असती. (द्यूत आणि पाण्याखाली बसणं या दोन्ही गोष्टी दुर्योधनाने केल्या, पण वेगवेगळ्या पर्वांत. त्याला तेवढी समज होती.) तीस मीटरच्या खाली गेलं की श्वासातल्या नायट्रोजनची नशा चढू लागते आणि महाशिवरात्रीच्या भांगेनंतर जसे डाव पडतात तसे पडू लागतात.

शिवाय बोलता येत नाही. मेंढीकोट तोंड बंद ठेवून खेळणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाणबुडे हाताने खुणा करतात, पण त्याही आपल्या नव्हेत. अंगठा वर केला तर तिथे त्याचा अर्थ ‘शाब्बास’ नाही, ‘चला वर’ असा. तुमच्या वजिराच्या खेळीचं कौतुक करायला जावं, तर समोरचा डाव सोडून निघून जाईल.

एका बाबतीत मात्र या जलक्रीडेला माझा मनापासून नमस्कार आहे. टाकीवाल्यांना नव्हे, त्यांच्याकडे तासभराची हवा उसनी असते. खोलवर गेलेल्यांना तर तो विरघळलेला नायट्रोजन अंगातून निघेपर्यंत वर येताना मध्येच ताटकळावं लागतं, तेव्हा ते पाटीवर फुली-गोळा खेळत बसले तर बिचारे काय करतील? एस.टी.च्या फलाटावर आपण दुसरं काय करतो? माझा नमस्कार आहे तो बिनटाकीच्या बुद्धिबळाला. एटन इल्फेल्ड नावाच्या गृहस्थाने तो प्रकार काढला आणि लंडनच्या माइंड स्पोर्ट्स ऑलिंपियाडमध्ये त्याच्या जागतिक स्पर्धाही होतात. पट तलावाच्या तळाशी. खेळाडूने दम धरून बुडी मारायची आणि खेळी केल्याशिवाय डोकं वर काढायचं नाही. घड्याळ नाही. छातीत दम आहे तोवर विचार करा. तुम्ही वर आलात की दुसऱ्याने खाली जायचं.

यातली गोम बघा. तुम्ही खाली जितका वेळ विचार कराल, तितका वेळ प्रतिस्पर्धी वर निवांत श्वास घेतो. म्हणजे विचाराचा खर्च विचार करणाऱ्याने सोसायचा, आणि वर त्याचा फायदा दुसऱ्याला द्यायचा! इतका न्याय्य नियम मी कायद्याच्या पुस्तकातसुद्धा पाहिलेला नाही.

या नियमाची थोरवी कळायला शनिवार पेठेतले माझे मेहुणे माहीत असायला हवेत. ते एका खेळीला चाळीस मिनिटं घेतात. त्या अवधीत त्यांचा चहा होतो, पान होतं, एकदा तर दाढी झाली. खर्च सगळा माझा: पाय माझे मुंग्या येऊन बधिर होतात, भूक मला लागते, बायको माझी वाट बघून रागावते. ते मात्र अधिकाधिक ताजेतवाने होत जातात. अखेरीस मी कंटाळून काहीतरी खेळतो आणि हरतो, आणि लोक म्हणतात, मेहुण्यांचा विचार खोल! चाळीस मिनिटांत कुणीही खोल जाईल हो. चाळीस सेकंदांत जाऊन दाखवा.

मग मला वाटायला लागलं, की हा नियम सगळीकडेच लावावा. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असा शेरा मारणाऱ्या साहेबाने तो विचार बादलीत तोंड बुडवून करावा. समित्यांनी अहवाल येईपर्यंत स्नानसंध्येसाठीसुद्धा वर येऊ नये.

वकिली करणाऱ्या एका मित्राला हे ऐकवलं, तर तो म्हणाला, “आणि न्यायाधीशाचं? नाकातोंडात पाणी जायला लागलं की तो समोर येईल त्याला सोडेल नाहीतर लटकावेल, पण लवकर वर येईल.” याला उत्तर देणं कठीण आहे. घाईत केलेला विचार हा बऱ्याचदा विचारच नसतो. ज्याचा जीव घुसमटतोय त्याने निर्णय घ्यावा, असं म्हणणं म्हणजे गळफास लागलेल्याला दोरीची लांबी ठरवायला सांगणं. मी दोन दिवस गप्प होतो.

पण कराडात राहणाऱ्या माणसाला फार दिवस गप्प राहता येत नाही, कारण प्रीतिसंगमावर फिरायला गेलं की समोरून कोयना येते. दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात, असं दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल. येताना ती धरणातून येते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या धरणात पाणी साठू लागलं आणि खोऱ्यातली कितीतरी गावं शिवसागराखाली गेली. माणसं सातारा-सांगलीपासून पार रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. वीज राज्यभर गेली, आमच्याही घरात आली, माझा पंखा तिच्यावरच फिरला. आणि जमिनी अजून न मिळालेली कुटुंबं साठ वर्षांनंतरही मोर्चे काढताहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावांच्या खुणा वर येतात, पावसाळ्यात पुन्हा खाली जातात. पट खाली आहे. विचार करणारे वर आहेत, आणि वर हवा चांगली आहे.

मग वकिलाला माझं उत्तर सापडलं. न्यायाधीशाने खुशाल सावकाश विचार करावा, वर्षभर करावा. त्या बिनटाकीच्या खेळाचा दुसरा अर्धा नियम तेवढा पाळला जावा: एकाचा विचार चालू असताना दुसऱ्याला श्वास घेता यावा. निकाल लागेपर्यंत त्याला पाण्याखाली धरून ठेवू नये. पहिली अर्धी अट सोडली तरी चालेल. वकील म्हणाला, “याला अंतरिम दिलासा म्हणतात, आणि तो मिळायलाही वर्ष लागतं.”

मालदीवच्या मंत्रिमंडळाने मात्र 17 ऑक्टोबर 2009 रोजी समुद्राच्या तळाशी टेबलं मांडून खरोखरीची बैठक घेतली होती. समुद्र वाढला तर आपला देश कुठे असेल, ते जगाला दाखवायला. तोंडात नळ्या असल्यामुळे भाषणं झाली नाहीत, हातवाऱ्यांवर काम भागलं, आणि अर्ध्या तासात जगाने धूर कमी सोडावा या आवाहनावर सह्या होऊन सगळे वर आले. जगाने धूर कमी सोडला नाही ही गोष्ट वेगळी. पण ज्या पाण्याबद्दल बोलायचं त्यात बसून बोललेलं मंत्रिमंडळ एवढंच.

तशी एक बैठक शिवसागरात व्हायला काय हरकत आहे, टाक्या लागल्या तर तारकर्लीहून मागवता येतील, असं मी परवा मेहुण्यांना म्हटलं. त्यांची गावात थोडी ऊठबस आहे, चार जणांना सांगू शकतील.

त्यांनी घोड्यावरचं बोट न उचलता हात वर केला. “थांबा दाजी,” ते म्हणाले, “विचार करतोय.”