घरभाडे आणि दुसरे शील



जून-जुलै आला की दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडची आपली मुले शिक्षणासाठी अमरावतीस व अकोल्यास येतात. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले, अमरावतीस १९८३ साली विद्यापीठ झाले. शहरे वाढली, भाडीही वाढली. पण आपल्या मुलाला भाड्याच्या आकड्याआधी दुसराच प्रश्न ऐकावा लागतो : "कोण्या समाजाचे?" उत्तर ऐकले की पाटी लावलेली खोली 'कालच दिली' असे होते.

हा प्रश्न जुना आहे. १९१७ साली परदेशात शिकून बडोद्यास नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन्ही स्नेह्यांनी आसरा दिला नाही.

मग आडनाव लपवून खोली घेणाऱ्या मुलाने चौथे शील मोडले काय? खोटे ते खोटेच. पण त्याचा मोठा दोष ते बोलायला लावणाऱ्याच्या पदरी जातो. तरी अशा खोलीत बाबासाहेबांची तसबीर लावता येत नाही, वंदना मोठ्याने म्हणता येत नाही. भाडे महिन्याला द्यायचे, हे मोल रोजचे.

आता दुसरा प्रश्न, आणि तो आपल्यालाच आहे. आज आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या बळावर घरे बांधली, भाड्यासाठी दोन खोल्या काढल्या. चांगले झाले. परंतु दहा दारे बंद झाली की अकराव्या दाराला मागेल तो भाव मिळतो. तो वाढीव भाव विटा-सिमेंटचा नसतो. जातीने बंद केलेल्या त्या दहा दारांचा असतो. दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. ज्याला दुसरीकडे जागाच नाही, त्याने नाइलाजाने मोजलेला पैसा खरोखर 'दिलेला' असतो काय?

घरमालक म्हणेल, कर्जाचा हप्ता आहे, कर आहे, पाण्याचे बिल आहे. मान्य. वाजवी भाडे ही सम्यक आजीविकाच आहे. पण आपल्या माणसाच्या अडचणीवर चढविलेली रक्कम म्हणजे जातिव्यवस्थेच्या कमाईतला वाटा होय. बाबासाहेबांनी जी व्यवस्था मोडायला सांगितली, तिच्यावर आपण पोट भरावे काय?

आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. एवढा त्याग प्रत्येकाकडून मागता येत नाही. एवढे मात्र मागता येते : चौकात जे भाडे चालते तेच घ्या. पावती द्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, ती पाळा. नवदीक्षित कुटुंबाला "पूर्वी तुम्ही कोण?" असे विचारू नका. आणि रिकाम्या खोल्यांची यादी विहारात लावा, म्हणजे गावाकडच्या मुलाला दारोदार आडनाव सांगत फिरावे लागणार नाही.

पंचशील विहारात म्हणायचे असते आणि घरी पाळायचे असते. ज्याच्या घरी भाडेकरू आहे, त्याची कसोटी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लागते.

जय भीम!