बाहेर पडायचे दार

"हे वयच तसे असते, दोन वर्षांत उतरेल." सोळा-सतरा वर्षांचे मूल देवाधर्माच्या बाबतीत घरच्यापेक्षा काही वेगळे करू लागले की मोठ्यांच्या तोंडून हे वाक्य हमखास निघते. शिरूरला निघते, दौंडला निघते आणि पुण्याच्या पेठांतही निघते. कुणी विपश्यनेला बसले, कुणी देवाला हात जोडायचे सोडले, कुणी मोबाईलवर वाचून पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर मेणबत्ती लावली आणि विक्का नावाच्या पंथातली चंद्राची प्रार्थना म्हटली, तरी सगळ्यांचे निदान एकच. या वाक्याचा मला राग येतो. ते समंजस वाटते, पण त्यात मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसते, फक्त मुदत सांगितलेली असते. शिवाय ते स्वतःशीच भांडते. आपोआप उतरणार असेल तर त्याच संध्याकाळी फोन काढून घ्यायची, मावशीला बोलावून समजूत घालायला लावायची घाई कशासाठी? मोठ्यांना हा शोध एकाच वेळी पोरखेळही वाटतो आणि संकटही वाटते. दोन्हींपैकी खरे काय, हे ठरवायचे राहूनच जाते.

वयाचा मुद्दा फार ताणायची गरज नाही. परंपरेने सांगितलेली जन्मसाले धरली तर ज्ञानेश्वरी लिहून झाली तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा-सोळा वर्षांचे होते, आणि मुक्ताबाई त्यांच्याहूनही लहान. त्यांच्या पालख्यांपुढे वाकणाऱ्या समाजाने पंधराव्या वर्षी काही कळत नाही असे म्हणू नये, एवढे पुरे. प्रत्येक पोर ज्ञानेश्वर नसते हे खरेच, पण ते कोण आहे हे त्या वयात आईबापांनाही ठाऊक नसते.

विक्काबद्दलही थोडक्यात सांगता येईल. इंग्लंडमध्ये 1735 चा जादूटोण्याविषयीचा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या पुस्तकातून हा पंथ लोकांसमोर आणला. निसर्गाची पूजा, देवी आणि तिचा सोबती देव, वर्षाचे आठ सण, पौर्णिमेचे विधी, आणि कुणाला इजा होणार नाही असे हवे ते कर, हा मुख्य नियम. ही युरोपातल्या जुन्या धर्माची अखंड परंपरा आहे, असा गार्डनर यांचा दावा होता. त्याला आधार होता मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या ग्रंथाचा. पुढे इतिहासकारांनी तो दावा तपासला आणि तो टिकला नाही. रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये या पंथाचा जो इतिहास मांडला, त्यातून तो विसाव्या शतकातच घडल्याचे स्पष्ट झाले. गंमत म्हणून नव्हे, तर सचोटीची खूण म्हणून सांगतो की अनेक विक्कापंथीयांनी हे मान्य केले आणि तरीही आपली साधना सोडली नाही. पंथ जुना नाही म्हणून त्यातली प्रार्थना खोटी ठरत नाही. एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी स्कॉट कनिंगहॅम यांचे पुस्तक 1988 मध्ये आले, खास किशोरवयीनांसाठी सिल्व्हर रेव्हनवुल्फ यांचे 1998 मध्ये. आता त्याचे तुकडे फोनवरून कोणत्याही गावात पोचतात.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असते: देवी, चंद्र, झाडे, माती हे सगळे आपल्याकडे होतेच, मग परक्यांकडे कशाला जायचे? शिरूर तालुक्यात कवठे येमाई हे गावच देवीच्या नावाने ओळखले जाते. नवरात्रात घरोघर घट बसतो. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात पाच-सात प्रकारचे धान्य मिसळायचे, मध्ये पाण्याचा घट ठेवायचा, रोज एक माळ चढवायची. दसऱ्यापर्यंत पिवळसर कोंब वीतभर वाढतात आणि पुरुष ते टोपीत खोवून सीमोल्लंघनाला जातात. एवढी सुंदर निसर्गपूजा घरात असताना मुलगी गच्चीवर का जाते? कारण त्याच नऊ दिवसांत तिची पाळी आली तर त्या कोंबांवर तिची सावलीही पडू नये असे अजून कित्येक घरांत मानतात. मातीतून उगवण्याचा उत्सव चालू असतो आणि जिच्या शरीरात तीच शक्ती जागी झाली आहे तिला दाराबाहेर बसवले जाते. विक्कामध्ये विधी चालवणारी बहुधा बाई असते. देवी आपल्याकडे होती हे खरे, पण देवीसमोर उभे राहायचा हक्क त्या मुलीला होता का, असा तिचा प्रश्न आहे. "आपल्याकडे होतेच" म्हणणारा या प्रश्नाला बगल देतो.

पण या प्रश्नाचा खरा इतिहास गच्चीवर सापडत नाही, तो दौंड तालुक्यातल्या केडगावात सापडतो. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या या गावाजवळ नारायण महाराजांचे दत्तस्थान असलेले बेट आहे आणि निराधार मुली-स्त्रियांना आसरा देणारे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशनही आहे. रमाबाई स्वतः सोळाच्या आसपास होत्या तेव्हा, 1874 च्या दुष्काळात, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले आणि पाठोपाठ आईही गेली. कुटुंब उपाशी असतानाही व्रते, दाने, तीर्थयात्रा चालू होत्या. त्याचे वर्णन त्यांनी 1907 च्या आत्मनिवेदनात केले आहे. मोठी बहीणही पुढे गेली, आणि ही मुलगी भावाबरोबर पायी देशभर फिरत राहिली. फिरता फिरता तिचा त्या व्रतांवरचा विश्वास उडाला. त्या वाटेवर तिला कुणी "दोन वर्षांत उतरेल" म्हटले असते, तर ते केवढे चुकले असते! 1878 मध्ये कलकत्त्यात तिला पंडिता म्हणून गौरवले गेले, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही चर्चच्या मतांबाबत ती आपल्या इंग्रज धर्मभगिनीशी पत्रांतून वाद घालत राहिली. माझी सदसद्विवेकबुद्धी मी एका पुरोहिताच्या हातून सोडवली ती दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी नव्हे, असा त्या पत्रांचा सूर आहे.

या रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत, मुख्यतः विधवा मुलींना ठेवून घेऊन शिकवण्यासाठी, शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, पण खोलीचे दार उघडे ठेवीत. हळूहळू सदनातल्या मुली त्या दारातून आत येऊ लागल्या. पुण्यात वादळ उठले. ऑगस्ट 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. केसरी या वृत्तपत्राचे म्हणणे होते की शिक्षणाच्या आडून हे धर्मांतर चालले आहे. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कुणाला बोलावले नाही, पण आलेल्याला हाकलणारही नाही. दार उघडे ठेवणे वेगळे आणि हात धरून आत ओढणे वेगळे, हा भेद मला कायम महत्त्वाचा वाटत आला आहे. मुलांच्या आध्यात्मिक स्वातंत्र्याचा सगळा विचार त्याच्यावर उभा करता येईल असे वाटत होते.

पण केसरीचा आक्षेप नीट ऐकला तर हा भेद अपुरा पडतो. धर्माभिमानाची धार बाजूला ठेवली की त्यात एक भक्कम गोष्ट उरते. सदनातल्या मुली तिथे शिकायला आल्या होत्या. अन्न, निवारा, शिक्षण आणि माया, चारही एकाच बाईच्या हातून मिळत होते. बहुतेक विधवा, काही अगदी कोवळ्या. अशा बाईचे दार उघडे असणे आणि शेजाऱ्याचे दार उघडे असणे यांत फरक आहे. प्रेमाला आणि उपकाराला स्वतःचा एक ओढा असतो आणि तो हात न धरताही ओढतो. रमाबाईंच्या सचोटीवर तिळमात्र शंका न घेता हे म्हणता येते. किंबहुना त्या इतक्या थोर होत्या म्हणूनच तो ओढा जास्त होता.

मग पाहायचे काय? मला वाटते, बाहेर पडायचे दार पाहायचे. गोदूबाई जोशी ही सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. ती रमाबाईंच्या मायेत राहिली, शिकली, आणि मार्च 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाहेर पडली. ती ख्रिस्ती झाली नाही आणि रमाबाईंशी वैरीही झाली नाही. हे तिला जमले, कारण तिच्या पाठीशी नरहरपंत हा भाऊ उभा होता. आता हेच केडगावात पाहा. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुढच्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या आल्या नसत्या तर मेल्या असत्या, हे आधी म्हटलेच पाहिजे. 1905 च्या जूनअखेरीस तिथे प्रार्थनेची एक लाट आली. मुली रडल्या, थरथरल्या, रात्री जागल्या, अंगात अग्नी आल्याचे सांगू लागल्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात त्या घटनेची नोंद आहे. तो अनुभव खोटा होता असे म्हणायला माझ्याकडे कारण नाही. पण त्यांपैकी एखादीला सकाळी उठून "मला हे नको" म्हणावेसे वाटले असते, तर ती कुठे गेली असती? तिच्यासाठी बाहेर कुणी नरहरपंत उभा नव्हता.

इथवर केसरीची बाजू बळकट झाली असे वाटेल. पण ज्या मापाने सदन मोजायचे त्याच मापाने घरही मोजले पाहिजे, आणि तिथे केसरीचा पक्ष कोसळतो. काढून नेलेल्या मुली कुठे गेल्या? ज्या घरांत विधवेचे केशवपन होई, तिला एकभुक्त ठेवले जाई आणि धर्म बदलण्याची तर सोडाच, धर्माबद्दल विचारण्याचीही मुभा नव्हती, तिथे. सदनाचे बाहेरचे दार अरुंद होते, घराला ते नव्हतेच. मुलींचा धर्म जपायला निघालेल्यांनी मुलींना काय हवे हे विचारल्याचे त्या वादात दिसत नाही. आजचा कायदाही या बाबतीत अर्ध्यावर थांबतो. मान्यताप्राप्त शाळेत अज्ञान मुलाला धर्मशिक्षण द्यायचे तर पालकाची संमती लागेल, असे संविधानाचे कलम 28 सांगते. शाळेपासून संरक्षण मिळाले, घरापासून नाही. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेला बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मात्र विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलाचे मानतो आणि पालकाला वाढत्या समजेनुसार मार्ग दाखवण्याचे काम देतो. मार्ग दाखवायचा, अडवायचा नाही.

या मापाने विक्काकडे पाहिले तर तो बराच निर्धोक ठरतो. बाप्तिस्मा नाही, नोंद नाही, देणगी नाही. आज मेणबत्ती लावली आणि उद्या लावली नाही तर कुणी दारात येत नाही. गार्डनर यांच्या परंपरेतले गट तर अठराच्या आतल्यांना सहसा दीक्षाच देत नाहीत. पण तो सर्वस्वी निर्धोक मात्र नाही. केलेले तिप्पट होऊन परत येते, असे काही विक्कापंथीय मानतात. पंधरा वर्षांच्या मनात त्याची भीती होऊ शकते आणि भीती हे सर्वांत घट्ट कुलूप आहे. उपास मोडला तर देवी कोपेल या भीतीचीही जात तीच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते म्हणतील की मंत्रांनी काही होत नाही, मग हे मुलांच्या हाती द्यायचेच कशाला? मंत्रांनी काही होत नाही हे मलाही मान्य आहे. पण डॉ. नरेंद्र दाभोलकर आपला विरोध देवाधर्माला नसून शोषणाला आहे असे सतत सांगत, आणि त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदाही श्रद्धेवर नव्हे, तर फसवणूक, दहशत आणि इजा यांवर बोट ठेवतो. गच्चीवरची मेणबत्ती त्यात बसत नाही. हरवलेले प्रेम परत आणून देतो म्हणून कोवळ्या मुलीकडून पैसे उकळणारा मात्र बसतो, मग त्याच्या हातात लिंबू असो की चमकता स्फटिक.

सुरुवातीला मला वाटत होते की मोठ्यांनी बाजूला व्हावे आणि मुलांना शोधू द्यावे. केडगावच्या इतिहासाने ते मत बदलायला लावले. बाजूला होणे पुरेसे नाही, कारण बाहेर पडायचे दार मुलीला एकटीला उघडता येत नाही. पलीकडे कुणीतरी माणूस लागते. आत शिरताना जिची थट्टा झाली, ती चूक कळल्यावरही परत येत नाही. परत येणे म्हणजे "आम्ही म्हटलेच होते" हे ऐकणे असते, आणि ते टाळण्यासाठी माणसे नको असलेल्या पंथांत आयुष्य काढतात. म्हणून आईबापांचे काम सोपे नाही. मुलीने काय वाचले ते तिच्याबरोबर वाचावे, तो इतिहास कुठे टिकत नाही ते सांगावे, आपल्या घटासमोर तिला पाळीच्या दिवशीही उभे राहू द्यावे, आणि ती पुढे विक्कात राहिली, परत येमाईकडे आली किंवा कुठेच गेली नाही, तरी घरातली तिची जागा हलणार नाही हे तिला आधीच सांगून ठेवावे. ज्या घराला एवढे जमत नाही, त्याने मुलीच्या नव्या देवाची चौकशी करण्याआधी आपल्या जुन्या देवाच्या नावाने आपण कुणाकुणाला अडवून ठेवले आहे त्याची चौकशी करावी.