मृत्युपत्रांत न मावणारीं कामें

मरणाचें स्मरण ठेवावें, असें आपले संत सांगत आले आणि पाश्चात्य तत्त्वज्ञांनींही तेंच सांगितलें. परंतु तें ठेवून करावें काय, याविषयीं एकवाक्यता नाहीं. कोणी म्हणतो, आयुष्य थोडें, म्हणून त्वरा करावी. कोणी म्हणतो, आयुष्य थोडें, म्हणून सारी यातायात सोडावी. आमच्या मतें हे दोन्ही निष्कर्ष उतावळेपणाचे आहेत.

चार्लस डार्विन याचें उदाहरण घ्या. जीवजातींच्या उत्पत्तीविषयींचा आपला विचार त्यानें १८४४ सालीं, वयाच्या ३५ व्या वर्षीं, विस्तृत निबंधाच्या रूपानें लिहून काढला आणि पत्नीच्या नांवें पत्र लिहून ठेवलें कीं, आपणांस अकस्मात् मृत्यु आल्यास चारशें पौंड खर्चून योग्य माणसाकडून तो प्रसिद्ध करवावा. पुढें सुमारें आठ वर्षें त्यानें बार्नेकल नामक क्षुद्र सागरी प्राण्यांच्या अभ्यासांत घालविलीं. ग्रंथ निघाला तो १८५९ सालीं, आणि तोही आदल्या वर्षीं वॉलेसचें पत्र आलें म्हणून. मरणाच्या विचारानें त्यास घाई शिकविली नाहीं, तरतूद शिकविली.

आतां आपले गोपाळ गणेश आगरकर पाहा. दम्याच्या विकारानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. त्यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचें प्राचार्यपद सांभाळलें, आणि १८९५ सालीं, वयाचें ३९ वें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते निवर्तले. विरोधकांनीं तर त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. यांस डार्विनप्रमाणें थांबतां आलें नसतें. समाजाच्या तोंडावर आज जें बोलावयाचें, तें मृत्युपत्रांत लिहून ठेवतां येत नाहीं. बोलणारा जिवंत असून लोकनिंदा सोशीत आहे, यांतच त्या बोलण्याचें निम्में बळ असतें.

तेव्हां मरणाच्या स्मरणानें विचारावयाचा प्रश्न हा कीं, 'हें काम आपल्यामागें दुसऱ्यास सोंपवितां येईल काय?' कोणी म्हणेल, या कसोटीनें लेखकास किरकोळ कर्तव्यें टाळून ग्रंथांत बुडून जाण्याची सवड मिळेल. परंतु बहुधा होतें तें उलट. ग्रंथ पुष्कळदां दुसऱ्यास पुरा करितां येतो. किरकोळ म्हटलेलें कर्तव्यच येत नाहीं.

आम्हांस हें उशिरां उमगलें. कित्येक वर्षांपूर्वीं एका आजारी मित्रानें भेटीस बोलाविलें असतां, हातांतील पुस्तकाचीं दोन प्रकरणें पुरीं करून जाऊं, असें आम्हीं ठरविलें. प्रकरणें पुरीं झालीं. मित्र राहिला नाहीं. त्या विषयावर पुढें आमच्याहून अधिक अधिकारी पुरुषानें लिहिलें आणि तें उत्तम झालें. मित्राच्या उशाशीं मात्र आमच्या जागीं दुसऱ्या कोणास बसतां आलें नसतें.

याचा अर्थ ग्रंथ लिहूं नयेत, असा नव्हे. डार्विनजवळही सोंपवावयास आधीं लिहिलेला निबंध होता. म्हणून नित्य लिहावें, आणि आपल्यामागें दुसऱ्यास वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावें. मात्र दारांत विद्यार्थी शंका घेऊन उभा राहिला, तर लेखणी खालीं ठेवण्यास कचरूं नये. ती पुढें कोणीही उचलूं शकेल.