मागून आणलेले लोखंड

२०१८ सालच्या उन्हाळ्यात काही आठवडे मी अमेरिकेत होतो. माझ्या पहिल्या धर्मग्रामात जो मुलगा वेदीसेवक म्हणून माझ्या शेजारी उभा राहत असे, तो आज शिकागोजवळच्या एका उपनगरात अभियंता म्हणून स्थिरावला आहे. त्याच्या घरी दोन दिवस मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून परतल्यावर तो म्हणाला, "फादर, आता माझा कारखाना पाहायला चला." मोटार ठेवण्याच्या गाळ्यातील अर्धी जागा अडवून त्याने आपली कार्यशाळा थाटली होती, आणि तेथे तो घरापुरती बिअर तयार करीत असे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावयास हवी. त्या देशात हा गुन्हा नव्हे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर स्वतःसाठी करमुक्त बनविता येते; विकता मात्र येत नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे हा अपराध ठरतो. तेव्हा हा लेख वाचून कोणी हत्यारे बाहेर काढू नयेत! मला सांगावयाचे आहे ते निराळेच.

त्या तरुणाने बहुतेक सारी साधने स्वतःच्या हाताने घडविली होती. सहलीला नेतात तशी बर्फाची मोठी पेटी घेऊन तिच्या तळाशी त्याने तांब्याची नळी बसविली होती आणि करवतीने तिला बारीक खाचा पाडल्या होत्या. मोड आणून वाळविलेले जव भरडून त्या पेटीत घालायचे, ६५ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचे. तेवढ्या वेळात धान्यातील पिठाची साखर होते आणि खाचांतून गोड रस गळून येतो. तो रस हॉप्सच्या फुलांसह उकळायचा आणि मग त्वरेने निववायचा, कारण कोमट रसात नको ते जंतू लवकर शिरतात. त्यासाठी त्याने तांब्याच्या नळीचे वेटोळे केले होते. ते रसात सोडून आतून नळाचे थंड पाणी खेळविले की काम होते. सांध्यांना डाख देताना त्याने शिसे नसलेलाच डाख वापरला होता. "दुसऱ्यांच्या पोटात जायचं आहे, फादर," तो म्हणाला. त्या वाक्याने मला बरे वाटले. मठातील साध्या अवजारांनाही वेदीवरील पवित्र पात्रांसारखे मानावे, असे संत बेनेडिक्ट आपल्या नियमावलीत सांगतात. त्या गाळ्यात मला त्या वचनाची आठवण झाली.

मग माझी दृष्टी उकळण्याच्या भांड्याकडे गेली. स्टेनलेस स्टीलचे जाड पिंप. वरचे झाकण गोल कापून काढलेले, कडा घासून गुळगुळीत केलेली, खाली तोटी बसविलेली. काम देखणे होते. पण पिंपाच्या अंगावर एका मद्यकंपनीचे नाव ठसठशीत उमटलेले होते.

"हे कोठून आणलेस?"

"घरी समारंभ होता तेव्हा दुकानातून भरलेलं आणलं होतं. रिकामं झाल्यावर परत नेलं नाही. तीस डॉलर अनामत भरली होती, ती सोडून दिली. म्हणजे विकतच घेतलं की!"

"नवे केवढ्याला मिळते?"

तो किंचित थांबला. "शंभराच्या वरच."

त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते तो बोललाही. सगळेच असे करतात. कंपनी हरवलेल्या पिंपांचा खर्च मालाच्या किमतीत आधीच धरून ठेवते. आणि मुख्य म्हणजे, त्या निर्जीव डब्याचे त्याने स्वतःच्या श्रमाने नवे भांडे घडविले होते. श्रमाने वस्तू आपली होत नाही काय?

हा शेवटचा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्याच्या मालातून मी नवी वस्तू घडविली तर ती कोणाची, यावर रोमन कायदेपंडितांत दोन पंथ होते. सबिनसचे अनुयायी म्हणत, ज्याचा माल त्याची वस्तू. प्रोक्युलसचे अनुयायी म्हणत, ज्याचे हात त्याची वस्तू. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथाने मधला मार्ग काढला. वस्तू पुन्हा मूळ रूपात नेता येत असेल तर ती मालाच्या धन्याची; नेता येत नसेल तर घडविणाऱ्याची. दुसऱ्याच्या द्राक्षांचा केलेला रस पुन्हा द्राक्षे होत नाही, म्हणून तो करणाऱ्याचा. परंतु दुसऱ्याच्या धातूचे केलेले भांडे वितळविता येते, म्हणून ते धातूच्या धन्याचे. मी त्याला हसत म्हटले, "जस्टिनियनच्या दरबारात बिअर तुझी ठरेल, भांडे मात्र कंपनीचे!"

तोही हसला, पण विनोदाने प्रश्न सुटत नाही. अनामत म्हणजे किंमत नव्हे. अनामत हा वस्तू परत करण्याच्या शब्दाचा तारण आहे. तारण बुडाले म्हणून दिलेला शब्द विकला जात नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेविषयी बोलताना हेच सांगतो: वापरायला दिलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे, नागरी कायदा त्याच्या आड येत नसला तरीही, त्या आज्ञेचा भंग आहे. संत थॉमस अक्वायनस परतफेडीला औदार्याचे नव्हे, तर न्यायाचे कृत्य मानतात. आणि श्रम? श्रमाला पावित्र्य आहे, कारण प्रभूने स्वतः सुताराचे हात घेतले. परंतु श्रम वस्तूचे रूप पालटतो; तिच्यावरील दुसऱ्याचा हक्क पुसत नाही. उलट, वस्तू जितकी आवडीने घडवावी तितका तिचा मूळ धनी मनातून लवकर दिसेनासा होतो. धोका तेथेच आहे.

आपण त्या तरुणाला दोष देण्यापूर्वी आपल्या घरात नजर टाकावी. गॅसच्या टाकीसाठी आपण अनामत भरतो. टाकी कंपनीचीच असते. दुधाचे प्लॅस्टिकचे क्रेट किती घरांत चपलांचे कपाट झाले आहेत! सभागृहाच्या खुर्च्या, वाचनालयाची पुस्तके, कचेरीतील कागद... 'मी त्याचा चांगला उपयोग केला' हे आपले ठरलेले उत्तर. चांगला उपयोग हा मालकीचा पुरावा नव्हे.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक छोटी कथा आहे. अलीशा संदेष्ट्याचे शिष्य स्वतःसाठी घर बांधायला यार्देनच्या काठी लाकडे तोडीत होते. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडले. तो कळवळून ओरडला, कारण ते मागून आणलेले होते. काम पुण्याचे होते, दोष त्याचा नव्हता, तरी त्याला सर्वात आधी आठवला तो पात्याचा धनी. आणि त्या कळवळ्याखातर देवाने लोखंड पाण्यावर तरंगविले.

निघताना मी त्याला ही कथा सांगितली. आणखी काही म्हटले नाही. नाताळच्या सुमारास त्याचा दूरध्वनी आला. त्याने कंपनीला फोन करून पिंपाची किंमत विचारली होती आणि अनामत वजा जाता उरलेली रक्कम पाठवून दिली होती. तेथील कारकुनाला म्हणे ती कोणत्या खात्यात जमा करावी हेच उमगेना. असे पैसे पूर्वी कोणी पाठविलेच नव्हते.

"फादर," तो म्हणाला, "भांडं तेच आहे. पण आता त्यावरचं नाव वाचताना मान वळवावी लागत नाही."