अन्नाला लागलेला हात

आमच्या आजीचे सोवळे कडक होते. दिवाळीचा फराळ करताना ती आम्हा मुलांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. कोणाचा हात कशाला लागला, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असे. आजी गेली, तिच्याबरोबर सोवळेही गेले. पण तिचा प्रश्न काही आपण सोडलेला नाही. आता आपण पाकिटावरची तारीख पाहतो, भेसळ नाही ना म्हणून चौकशी करतो, दुकानदाराच्या हातात मोजे दिसले की निश्चिंत होतो. अन्नाला कोणाचा हात लागला, हे आपण पिढ्यानपिढ्या विचारत आलो. त्या अन्नाने हाताचे काय केले, हे मात्र मी तरी वयाची साठी उलटेपर्यंत कधी विचारले नव्हते.

गेल्या दिवाळीच्या आधी कतलीसाठी काजू आणायला मी बेळगावहून चंदगड तालुक्यात गेलो होतो. तिकडे काजूगर काढणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत; थेट तिथून माल घेतला की चार पैसे वाचतात. ओळखीच्या एका मालकाशी घासाघीस करून मी किलोमागे २० रुपये कमी करून घेतले आणि वजन होईपर्यंत सहज शेडमध्ये डोकावलो.

"सर, ओळखलं काय ओ मला?"

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असलेली मुलगी, लग्न होऊन त्या बाजूला गेलेली. ती उठली, लांबूनच नमस्कार केला आणि हात पदराखाली घेतले. पण तेवढ्यात मला ते दिसले होते. बोटे दुसऱ्या पेरापर्यंत काळी पडली होती आणि टोकांची कातडी सोलून निघाली होती.

काम असे असते. काजूची बी वाफेवर उकडून वाळवतात. मग पायाने दाबायच्या यंत्राच्या पात्यांत एकेक बी धरून टरफल फोडायचे आणि टोकदार सळीने आतला गर अलगद बाहेर काढायचा. टरफलाच्या दोन थरांमध्ये जे तेल असते, ते कातडी जाळते. तेच तेल पुढे रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरांत वापरतात, एवढे सांगितले तरी त्याचा गुण कळेल. बायका हाताला राख किंवा गोडेतेल चोळून बसतात.

"हातमोजे नाहीत का गं?" मी विचारले.

"हायत की. पण ते घातले की बी हातात ठरत न्हाई, काम मागं पडतं. पैसे किलोवर हायत ओ सर." आणि मग हसतच म्हणाली, "गेल्या महिन्यात रेशनला अंगठाच उठला न्हाई. मशीन म्हणतं, ही बाई ती न्हवंच."

ती हसली. मला हसता आले नाही. हजारो लोकांच्या ताटात जाणारे अन्न जी सोलते, तिला तिच्या वाट्याचे धान्य घेताना स्वतःची बोटे ओळख देईनाशी झाली होती. परतताना पिशवीवरचा आकडा पाहिला : ३२०. म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. गर किती, अख्खे किती, पाकळी किती, हे सगळे मोजलेले. बोटांचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नव्हता.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, ज्यांच्याकडून मिळाले त्यांना काही न देता उपभोग घेणाऱ्याला चोर म्हटले आहे. मी स्वतःची समजूत घातली, की मी तर रोख पैसे मोजले. पण किंमत चुकती झाली म्हणजे देणे फिटते का? किंमत मी मालकाला दिली. देणे तिचे होते. आणि जे २० रुपये मी कमी करून घेतले, ते शेवटी कोणाच्या हातातून निघाले असतील?

यावर पहिले उत्तर ठरलेले असते : कोणी जबरदस्ती केली आहे का? काम पटत नसेल तर सोडावे. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा विचार केला आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच, असा तो निर्णय. उपासमार टाळण्यासाठी माणूस हो म्हणतो तेव्हा त्या होकारामागेही सक्तीच असते. भुकेच्या हातात चाबूक दिसत नाही, एवढाच फरक.

दुसरे उत्तर कायद्याचे. १९४८ च्या कारखाना कायद्याने हात धुण्याची सोय, बसायला जागा, तीसहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर अशा गोष्टी बंधनकारक केल्या. पण विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० आणि विजेशिवाय २० कामगार असतील, तरच तो कारखाना! २०२० च्या संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले. पंधरा बायकांची शेड त्या व्याख्येत बसत नाही. कायदा वीस माणसे मोजून जागा होतो. आपल्या मनाला जागे व्हायला किती हात लागतात?

तिसरे उत्तर सर्वांत अवघड आहे, कारण त्यात तथ्य आहे. मजुरी वाढली की धंदा पळतो. केरळात कोल्लमच्या काजू कामगार स्त्रियांनी संघटना करून मजुरी वाढवून घेतली, तेव्हा अनेक कारखानदारांनी माल सीमेपलीकडे तामिळनाडूत हलवला. आपल्याला हे सांगायला नको. किमान वेतन प्रत्येक राज्य आपले आपले ठरवते. बेळगावहून चंदगडला जाताना एक हद्द ओलांडली की बाईच्या घामाचा सरकारी दर बदलतो. गाव कोणत्या राज्यात असावे यावर आपण आयुष्यभर वाद घातले. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तेच तेल तशीच बोटे जाळते, यावर एक सभा भरल्याचे मला आठवत नाही.

हा दोष आपल्या एकट्यांचा नव्हे. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर याने 'द जंगल' या कादंबरीत शिकागोच्या मांस कारखान्यांतील परदेशी मजुरांचे हाल मांडले. अमेरिका हादरली ती आपल्या ताटातल्या घाणीने. त्याच वर्षी ३० जूनला मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. मजुरांच्या कापलेल्या बोटांविषयी त्यांत काही नव्हते. अन्न शुद्ध झाले. हात होते तिथेच राहिले. तेही एक सोवळेच.

मग काय करावे? काजू सोडावा, असे मी म्हणणार नाही. उद्या सर्वांनी सोडला तर त्या मुलीच्या बोटांना आराम पडेल आणि चूल विझेल. मला एवढेच वाटते, की शुद्ध अन्न या शब्दाचा अर्थ आपण अर्धाच धरला. ज्या अन्नाने ते करणाऱ्याच्या हाताची कातडी नेली, ते कितीही निर्मळ असले तरी शुद्ध कसे म्हणावे?

यंदा पुन्हा त्याच कारखान्यात गेलो. भाव सांगितला तो दिला आणि विचारले, "मोजे घालून काम करणाऱ्या बाईला तुम्ही किलोवर न देता दिवसावर मजुरी द्याल का?" मालक वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "सर, असं विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच. दहा जणांनी विचारलं तर बघू."

तेव्हा वाचकहो, नऊ जण हवे आहेत.