मायाविनीचा वेष

झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या बुंदेलखंडी तहसिलीच्या गावी रामलीला उभी राहते ती तुलसीदासांच्या मानसाच्या आधाराने. तेथे शूर्पणखेच्या प्रवेशाआधी एक निर्णय घ्यावा लागतो, वरवर साधा वाटणारा: तिला कोणता वेष द्यायचा? वाल्मीकींची शूर्पणखा आपल्या मूळ कुरूप देहानेच रामापुढे उभी राहते. तुलसीदासांची मात्र मनोहर रूप धारण करून येते. मानस प्रमाण मानले, तर तिला जरीचे वस्त्र आणि पैंजण द्यावेच लागतात, आणि तरीही ती राक्षसी आहे हे प्रेक्षकाच्या मनात पक्के असावे लागते. पारंपरिक रामलीलेत स्त्रीभूमिका पुरुष करीत आल्यामुळे ही अडचण हसण्यावारी निघू शकते. नट डोळे मोडतो, लोक हसतात आणि त्या हास्यात तिच्या मोहकतेचा प्रश्न विरून जातो. पुढे तिचे नाक कापले जाते, तेव्हा कोणाला फारसे वाईट वाटत नाही.

चित्रपटाला ही पळवाट नाही. कॅमेरा जवळ येतो आणि चेहरा खराच मोहक असावा लागतो. नाही तर मोहात पडणारा पुरुष निव्वळ मूर्ख ठरतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये 1913 साली तारामती झाले ते खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळाली नव्हती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र कमलाबाई गोखले मोहिनी झाल्या. म्हणजे पतिव्रतेचा वेष पुरुषाने चढविला, आणि स्त्रीला पडद्यावर पहिली मोठी भूमिका मिळाली ती मोहात पाडणारीची. मोहिनी भस्मासुराला आपल्याच मस्तकावर हात ठेवायला लावून मारते, पण तिला कोणी खलनायिका म्हणत नाही. तिचे लावण्य विष्णूचे आहे, देवांच्या कामी आलेले आहे. मोहनविद्या तीच असते. निवाडा फिरतो तो ती कोणाच्या बाजूने वापरली यावरून.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण 1932 सालचे आहे. कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने त्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या, शांतारामबापूंनीच दिग्दर्शित केलेल्या ‘मायामच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या. पुरुषांना थारा नसलेल्या राज्याची ही स्वामिनी. सोबतीला पाळीव चित्ता. मच्छिंद्रनाथांच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते आणि गोरखाच्या भूमिकेत मास्टर विनायक. चेहरा एक, आवाज एक, वर्षही एकच. तारामतीच्या दुःखाने गहिवरलेल्या प्रेक्षकाला किलोतलेपासून सावध करायचे होते, आणि त्या कामात वेष, राजवाड्याची मांडणी व तो चित्ता यांचा मोठा वाटा होता. कलादिग्दर्शक फत्तेलालांच्या नजरेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही शंका राहतेच: चित्ता राणीच्या क्रौर्याची साक्ष देतो की केवळ तिच्या सत्तेची? पुरुषाच्या हाती तोच चित्ता असता, तर त्याला शिकारीचा शौकीन राजा म्हटले असते.

चित्रपटाच्या अखेरीस उलगडा होतो की सारा प्रकार गुरूने शिष्याला दाखविलेली माया होती. वेदान्ताच्या दृष्टीने हे समाधानकारक असेल. नीतीच्या दृष्टीने प्रकरण अवघडच होऊन बसते. किलोतला जर गुरूनेच रचली, तर तिचे मोहक असणे हा कोणाचा दोष? ज्याने चित्र काढले त्याला सोडून चित्रातल्या रंगाला जबाबदार धरावे, तसा हा न्याय होतो. लोकांत रूढ असलेल्या नाथकथेत तर याहून विलक्षण गोष्ट आहे. गुरूला सोडविण्यासाठी गोरख कलावंतिणीच्या मेळ्यातून, स्त्रीवेष घेऊन, त्या राज्यात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला साद घालतो. म्हणजे फसवा वेष वैरागीही करतो. त्याच्या वेषाला युक्ती म्हणतात, राणीच्या वेषाला माया.

पडद्याबाहेरही हा भेद पाळला गेला नाही. प्रतिष्ठित, सुशिक्षित घराण्यातल्या दुर्गाबाईंनी 1931 साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात छोटी भूमिका केली आणि समाजाने टीका केली ती भूमिकेवर थांबली नाही, त्यांच्यावरच केली. नटीने चढविलेला वेष ती घरी घेऊन जाते, असे समजणारा तो काळ होता. आज तो सर्वस्वी सरला आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तारामतीने त्यांना मान परत मिळवून दिला. तो मान हाती असताना, त्याच वर्षी किलोतलेचा वेष स्वीकारणे यात नुसत्या व्यावसायिक हिशेबापेक्षा अधिक काही होते. पतिव्रतेइतकीच मायाविनीही अभिनयाचा विषय आहे, एवढे त्यांनी न बोलता सिद्ध केले.

चार वर्षांनी, 1936 साली, तोवर पुण्यात गेलेल्या ‘प्रभात’ने ‘अमरज्योति’ काढला. दिग्दर्शक पुन्हा शांतारामबापू, आणि सागरी लुटारूंची नायिका सौदामिनी पुन्हा दुर्गाबाई. ती लुटते, सूड उगवते, तिची माणसे तिला भितात. पण चित्रपटाच्या आरंभीच तिने न्यायासाठी दार ठोठावलेले असते. स्वतःचे मूल तिला नाकारले जाते, आणि मगच ती जहाजावर चढते. किलोतलेला असे एकही दार ठोठावायला मिळाले नव्हते.