दोंडाईचा लागेपर्यंत

हे मनन गाडीत बसून करायचं आहे, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असेल तरच. तुम्ही बसा शेजारी, डावीकडच्या खिडकीत. कोजागरीचा दिवस आहे. जळगावहून साडेअकराला निघालो आहोत, जायचंय दोंडाईच्याला. दीडेकशे किलोमीटर. मनात आणलं तर तीन-साडेतीन तासांत उरकेल. मनात आणायचं नाही, एवढाच आजचा नियम.

पाय सैल सोडा. फोन समोरच्या खणात जाऊ द्या. आता लक्ष फक्त डाव्या दंडावर. तिथे ऊन आहे. आश्विनात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि आपण चाललोय पश्चिमेकडे, तेव्हा धुळ्यापर्यंत हे ऊन तुमच्याच वाट्याचं. काच वर करू नका. थोडा वेळ नुसतं बघा, दंडाला काय होतंय. आपण म्हणतो, ऊन लागतंय.

हा शब्द धरून ठेवा. आज बरोबर एवढंच सामान.

आपल्याकडे काय काय लागतं! तहान लागते, ठेच लागते, नाद लागतो, दृष्ट लागते, डोळा लागतो. आणि रस्त्याने जाताना गाव लागतं. शेवटच्या गावाला आपण पोचतो, मधली सगळी गावं मात्र आपल्याला लागतात. पाळधी लागली, एरंडोल लागलं. यात आपण काही केलेलं नसतं. करणारं गाव असतं, आपण नुसते 'मला' असतो. एक श्वास घ्या आणि त्या 'मला'वर थोडं थांबा. मग पुढे.

रस्ता सरळ आहे. राष्ट्रीय महामार्ग 53, गुजरातेत हजिऱ्याला सुरू होतो आणि थेट ओडिशात पारादीपला जातो, एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे. खानदेशातली जुनी माणसं अजून त्याला 'सहा नंबर'च म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. दोन्ही बाजूंना कपाशी. बोंडं फुटलीत. वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला ओट्या फुगलेल्या. बाजरीची कणसं कापून झाली, ताटं तेवढी उभी. पाऊस जाऊन फार दिवस झाले नसावेत, कारण नाल्यांत पाणी अजून नितळ आहे.

एरंडोलहून पद्मालयाकडे एक फाटा जातो. तिथल्या गणपतीच्या देवळासमोर कमळांचं तळं आहे. आज जाणार नाही. सगळ्या चांगल्या ठिकाणी थांबायचं ठरवलं की तो प्रवास राहत नाही, हजेरी होते.

पण ही टोपली दिसली तिथे थांबा. सीताफळं. एक हातात घ्या, दाबू नका, आधी बघा. खवल्यांच्या मधल्या भेगा पांढुरक्या-पिवळ्या झाल्या असतील तर त्याचे डोळे उघडले. डोळे उघडलेलं फळ आजचं, मिटलेलं परवाचं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच फोडा. बी तोंडात घोळवा, गर सुटू द्या, मग रस्त्याच्या कडेच्या गवतात थुंका. घाईने खाता येत नाही असं हे फळ. प्रत्येक घासाला किमान एक बी तुम्हाला थांबवते. टोपलीवाली आजी पैसे घेऊन लुगड्याच्या घडीत ठेवते आणि तिच्या लेखी आपण कधीच निघून गेलेलो असतो.

पारोळा मागे पडला. भूक लागली का? लागली असेल तर लगेच जेवू नका. दहा मिनिटं तिच्याजवळ बसा. भूक नेमकी कुठे आहे? पोटात म्हणावं तर तिथे नुसतं रिकामं आहे, ओढ घशाशी आहे, आणि धाब्याचा धूर दिसला तेव्हा ती दाढेखाली आली. बघा, हलते ती.

आता बाजेवर बसा. शेवभाजी मागवा. खानदेशाच्या महामार्गावर दुसरं काही मागवायला माझी हरकत नाही, पण मग इथवर आलात कशाला? भट्टीकडे तोंड करून बसा म्हणजे दिसेल. काळपट भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि गरम मसाला यांचं वाटण तेलात पडतं. मग मिरचीची पूड. मग पाणी. रस्सा उकळून वर तेलाचा लाल थर येतो, त्याला तर्री म्हणतात. शेव मात्र शेवटी, ताट पुढे यायच्या बेतात. जाड, तिखट, लसूण घातलेली शेव. आधी पडली तर तिचा लगदा होतो, उशिरा पडली तर कडक राहते. बाहेरून मऊ आणि आत अजून थोडी कुरकुरीत, ही तिची वेळ जेमतेम पाच मिनिटं टिकते.

पहिला घास रस्सा लावून घ्या आणि थांबा. पाण्याच्या ग्लासाला हात नको. जिभेचं टोक. मग कडा. मग टाळूचा मागचा भाग. मग कानांच्या पाळ्या, हो, पाळ्या. मग डोक्यात केसांच्या मुळांशी घामाचा एक थेंब. तिखट लागलं.

गोड आणि आंबट चवी आहेत. तिखट शास्त्राच्या हिशेबात चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या नसांच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, तो मुळात उष्णतेसाठी आहे. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर काही टेकलं की तो 'भाजतंय' म्हणून ओरडतो. मिरची त्याला न भाजताच ओरडायला लावते. डेव्हिड ज्युलियस यांनी कॅप्सेसिनचाच माग काढत हा ग्राहक 1997 मध्ये शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे मघाशी दंडाला लागलेलं ऊन आणि आता जिभेला लागलेलं तिखट हे एकाच घरातले. आपल्या भाषेने दोघांना एकच क्रियापद कधीच देऊन टाकलं होतं.

आणखी एक घास. जळजळ चढते, माथ्याला जाते आणि कोणी काही न करता उतरायला लागते. ती उतरताना बघा. पाणी प्यायलात तर हे बघायचं राहून जाईल, आणि उपयोगही नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताक असेल तर तो भाग वेगळा.

धुळ्याला वळसा घालून जाऊ. पण एक आठवण काढून ठेवतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच शहरात गेले. कागदपत्रांसाठी उभा महाराष्ट्र पायाखाली घातलेला हा माणूस मराठी धातूही गोळा करत होता. त्यांचा धातुकोश त्यांच्या मागे छापला गेला आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही आहे. आपला शब्द संस्कृत 'लग्'मधून येतो. लग् म्हणजे चिकटणं, जडणं. लग्नही त्यातलंच. यावर गाडीत कोणी विनोद केला तर हसा, मननात हसायला बंदी नाही.

आता उत्तरेला, आग्रा रोडने. ऊन बाजू बदलत नाही, थोडं मऊ तेवढं होतं. सोनगीर लागलं. डोंगरावर किल्ला, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. इथे चहा घ्या, आणि कान उघडे ठेवून घ्या. कुठे हातोडीचा ठोका ऐकू आला तर चांगलंच, नाही आला तर चहा तरी होईल.

सोनगीरहून दोंडाईच्याचा रस्ता डावीकडे फुटतो. चिमठाणे लागेल. 1944 च्या एप्रिलात धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना इथेच क्रांतिकारकांच्या हाती लागला. हातीसुद्धा लागतंच. आज तिथे शेतं, विजेच्या तारा आणि तारेवर निळा चास.

हवेत काही बदललं का? नाकाला आधी कळेल. नाकपुडीच्या आत किंचित चुणचुण. मग घशात. मग ठसका लागेल. लागला की समजायचं, दोंडाईचा आलं.

मिरचीचा हंगाम आत्ताच उघडतोय. ओली लाल मिरची बाजारात यायला लागते, व्यापारी ती घेऊन मोकळ्या मैदानांवर उन्हात पसरतात. या वाळवणाला इकडे पथारी म्हणतात. अजून पथाऱ्या भरलेल्या नाहीत, मधूनमधून माती दिसते. गाडीतून उतरा. बांधावर उभे राहा, आत पाय टाकू नका, ते कुणाचं तरी धन आहे. एकच मिरची बघा. देठाजवळ अजून हिरवट, टोकाला गडद, मध्ये सुरकुती पडायला लागलेली. पाणी उडून जाईल आणि तिखट मागे राहील. पलीकडे बायका देठ खुडताहेत, नाका-तोंडाला फडकी बांधून, हाताची आग सोसत. त्यांनी दिवसभर जे हातांवर घेतलं, ते आपण मघाशी घासाला लावून मनन म्हणून खाल्लं. हे जरा टोचू द्या. मीही ते फार वेळ सहन करत नाही, गाडीत येऊन बसतो.

मावशीकडे पोचेपर्यंत सूर्य टेकतो. भरीत मागू नका, भरिताची खरी वांगी थंडी पडल्यावर. आज कळण्याची भाकरी. ज्वारीत यंदाचा नवा उडीद घालून दळलेलं पीठ, त्यात मीठ, भाकरीला करडा रंग. वर ठेचा, कच्चं तेल, फोडलेला कांदा. मावशी समोर बसून बघत राहते आणि चौथ्या घासाला विचारते, "तिखट लागनं का, भाऊ?" नाही म्हणून मान हलवायची. डोळ्यांतलं पाणी तिला दिसतंच.

गच्चीवर चंद्र वर आला आहे. दूध आटतंय. खाली अंगणात गुलाबाईचा शेवटचा दिवस. भादव्याच्या पुनवेला बसवलेली मातीची गुलाबाई आणि तिचा गुलोजी, समोर गल्लीतल्या पोरी, गाणी म्हणून म्हणून घसे बसलेले. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा. सात-आठ वर्षांची एक मुलगी तो आपल्या कानाशी आणते आणि हलवते. आत काहीतरी आदळतं.

डोळे मिटा. गोल आहे की लांबट? एकच आहे की पुष्कळ? ओला आवाज की सुका? बाकीच्या ओरडताहेत, शेंगदाणे, बत्तासे, पेढे. ती दर नावाला मान हलवून नाही म्हणते.

तुम्ही अजून नाव घेऊ नका. तिला सांगा, पुन्हा एकदा हलव.